मुक्कामाच्या गाडीला बॅटरी किती हवी? आधी वही काढा, मग दुकान गाठा

कॅरॅव्हॅन असो, दिंडीचा ट्रक असो की ऊसतोडीची कोपी. लाईट नसलेल्या जागी रात्र काढायची तर हिशेब एकच आहे. तो न करता घेतलेली बॅटरी एक तर अर्ध्या रात्री दगा देते, नाही तर लाखभर रुपये गुंतवून नुसती पडून राहते.

राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्याच वर्षी केरळनंही असंच धोरण जाहीर केलं. तेव्हापासून जुनी टेम्पो ट्रॅव्हलर किंवा मिनी बस घेऊन तिच्यात पलंग, ओटा, छोटा फ्रीज बसवण्याची हौस मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. निलंग्याहून तुळजापूर, गाणगापूर, माहूर, परळी, औंढा नागनाथ अशा देवदर्शनाच्या फेऱ्या करणारी कुटुंबं आपल्याकडे भरपूर आहेत. लॉजचं भाडं, गर्दी आणि म्हाताऱ्या आईवडिलांची गैरसोय पाहिली की ‘आपलीच गाडी झोपण्याजोगी केली तर?’ हा विचार येतोच.

गाडीचं काम करणारा कारागीर पलंगाचं माप नीट घेतो. बॅटरीवर मात्र त्याचं उत्तर ठरलेलं असतं : ‘दीडशेच्या दोन टाकू, काही कमी पडत नाही.’ दुसरा म्हणतो, ‘लिथियम टाका, एसी पण चालेल.’ दोघंही तुम्हाला एक प्रश्न विचारत नाहीत. तुम्ही गाडीत नक्की काय काय आणि किती तास चालवणार?

माझं मत सरळ आहे. बॅटरी किती घ्यायची हे दुकानदारानं ठरवायचं नसतं, ते तुमच्या वापरानं ठरतं. आणि हा हिशेब सातवीतल्या मुलालाही जमेल इतका सोपा आहे.

एएच नव्हे, वॅट-अवर मोजा

बॅटरीवर १०० एएच, १५० एएच असं लिहिलेलं असतं. एएच म्हणजे अँपिअर-अवर. हा आकडा एकटा अर्धवट आहे. त्याला व्होल्टनं गुणलं की खरा साठा कळतो, तो म्हणजे वॅट-अवर. १२ व्होल्ट, १५० एएचच्या बॅटरीत १२ × १५० म्हणजे १८०० वॅट-अवर वीज मावते. एक हजार वॅट-अवर म्हणजे आपल्या लाईटबिलातलं एक युनिट. म्हणजे ही भली मोठी बॅटरी पूर्ण भरली तरी दोन युनिटांपेक्षा कमीच.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा घराघरात घागरी मोजून पाणी वापरलं गेलं. प्यायला किती, भांड्याला किती, आंघोळीला किती. बॅटरीचंही तसंच आहे. नळ चालू असतो तेव्हा कुणी घागरी मोजत नाही. टँकर कधी येईल हे माहीत नसलं की प्रत्येक घागरीचा हिशेब लागतो.

यात आणखी एक मेख आहे. हौदातलं सगळं पाणी उपसता येत नाही. घरच्या इन्व्हर्टरला असते ती ट्यूब्युलर, म्हणजे शिसं आणि ॲसिडची बॅटरी, रोज निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर खलास होते. तिचा वापरता येणारा साठा निम्माच धरायचा. १८०० पैकी ९०० वॅट-अवर. शिवाय तिच्यावरचा १५० एएच हा आकडा साधारणपणे २० तासांत सावकाश उतरवल्यावरचा असतो. मिक्सर, पंप असा मोठा भार एकदम टाकला तर ती तेवढंही देत नाही.

लिथियममध्ये गाडीसाठी एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट हा प्रकार बरा. तिचे ८० ते ९० टक्के बिनधास्त वापरता येतात. १२.८ व्होल्ट, १०० एएचची एक एलएफपी १२८० वॅट-अवर साठवते आणि त्यातले १०५० ते ११०० हाती देते. वजन १० ते १४ किलो. दीडशेची ट्यूब्युलर ॲसिडसकट ५० ते ६० किलो भरते.

चार माणसं, मे महिना, एक दिवस-रात्र

समजा, चार जणांचं कुटुंब खरोसा लेणी पाहून तिथूनच जवळ एखाद्या शेतात मुक्काम करणार आहे. मे महिना आहे. लाईट नाही. २४ तासांचा वापर असा मांडू :

• दोन बीएलडीसी पंखे, प्रत्येकी ३० वॅट, १० तास : ६०० वॅट-अवर
• बारा व्होल्टवर चालणारा छोटा फ्रीज, उन्हाळ्यात : सुमारे ६०० वॅट-अवर
• ५ वॅटचे चार एलईडी दिवे, ५ तास : १०० वॅट-अवर
• पाच मोबाइल, प्रत्येकी २० : १०० वॅट-अवर
• टीव्ही किंवा लॅपटॉप, ५० वॅट, २ तास : १०० वॅट-अवर
• मिक्सर, ५०० वॅट, ६ मिनिटं : ५० वॅट-अवर
• पाण्याचा छोटा पंप, ६० वॅट, २० मिनिटं : २० वॅट-अवर

बेरीज १५७० होते. बॅटरीतली वीज इन्व्हर्टरमधून जाताना काही वाया जाते, काही तारांत जाते. त्यासाठी १५ टक्के वाढवा. झाले साधारण १८०० वॅट-अवर.

आता हे १८०० वापरता येणाऱ्या साठ्यातून यायला हवेत. ट्यूब्युलर घेतली तर दुप्पट, म्हणजे ३६००. दीडशेच्या दोन बॅटऱ्या, वजन एक क्विंटलच्या वर. एलएफपी घेतली तर १८०० भागिले ०.८५, म्हणजे सुमारे २१२०. बाजारातल्या मापानं १०० एएचच्या दोन, वजन साधारण २५ किलो.

म्हणजे कारागिराचं ‘दीडशेच्या दोन’ हे उत्तर इथं योगायोगानं बरोबर आलं. पण त्याच गाडीत जुने ७५ वॅटचे पंखे लावले असते तर? दोन पंख्यांना ६०० ऐवजी १५०० लागले असते. फरक ९०० वॅट-अवर. आठवतोय का हा आकडा? दीडशेच्या एका ट्यूब्युलर बॅटरीचा वापरता येणारा सगळा साठा एवढाच असतो. चांगले पंखे घेतले की एक आख्खी बॅटरी वाचते. म्हणून पहिला पैसा पंख्यात घाला, बॅटरीत नंतर.

फ्रीजचंही बघा. एका रात्रीसाठी बर्फाची पेटी चालत असेल तर वापर ९७० वर येतो, नुकसान धरून १११५. शंभरच्या एका एलएफपीत हे काठावर आहे. टीव्ही न लावता गप्पा मारल्या की १००० वर येतं आणि एका बॅटरीत आरामात बसतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण बॅटरीइतकी दुसरीकडे कुठं लागू पडत नसेल.

एसीचं काय?

हा प्रश्न येणारच. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याची गाडी रात्री उशिरापर्यंत तापलेली असते. पण हिशेब बघा. एक टनाचा इन्व्हर्टर एसी सरासरी ६०० वॅट धरला तरी आठ तासांचे ४८०० वॅट-अवर होतात. नुकसान धरून ५५०० च्या वर. त्यासाठी एलएफपीच्या १०० एएचच्या पाच जेमतेम, खात्रीसाठी सहा. ट्यूब्युलर घ्यायच्या तर दीडशेच्या सात, म्हणजे नुसत्या बॅटऱ्यांचंच वजन पावणेचार क्विंटलच्या पुढं. गाडी माणसांसाठी घेतली की बॅटऱ्या वाहायला, असं विचारायची पाळी येईल.

बरं, एवढ्या बॅटऱ्या भरणार कशानं? टपावर ४०० वॅटचं सोलर असेल तर उन्हाळ्यात दिवसाला साधारण १४०० वॅट-अवर मिळतात. एसीच्या एका रात्रीला चार दिवसांचं ऊन लागेल.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की एसी लावून झोपायचं असेल तर जिथं प्लग आहे तिथं मुक्काम करा. कॅरॅव्हॅन धोरणाचा खरा उपयोगही इथंच आहे. पर्यटनस्थळाजवळ, देवस्थानाच्या वाहनतळावर मीटर लावलेले चार प्लग, पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृह एवढं मिळालं तर प्रत्येक गाडीत लाखोंच्या बॅटऱ्या भरण्याची गरज उरत नाही. खरोसा, हत्तीबेट, औराद शहाजानीजवळचा तेरणा-मांजरा संगम अशा ठिकाणी ही सोय मोठ्या खर्चाची नाही.

साठा महत्त्वाचा, पण भरणं त्याहून महत्त्वाचं

हौद केवढा हे सगळे विचारतात, नळाला पाणी किती येतं हे कुणी विचारत नाही. गाडीची बॅटरी तीन ठिकाणांहून भरते : सोलर, गाडीचं इंजिन आणि प्लग.

सोलरचा ढोबळ हिशेब असा. पॅनलचे वॅट गुणिले चांगल्या उन्हाचे तास गुणिले ०.७. टपावर पॅनल आडवं पडलेलं असतं, तापतं, त्यावर धूळ बसते. म्हणून हा ०.७. उन्हाळ्यात पाच तास धरा, पावसाळ्यात तीन. ४०० वॅटचं पॅनल उन्हाळ्यात १४००, पावसाळ्यात ८४० देईल. झाडाच्या सावलीत गाडी लावली की हा आकडाही विसरा. माणसांना सावली हवी, पॅनलला ऊन हवं. ही भांडणं मुक्कामावर रोज होतात. सुटं पॅनल लांब वायरीनं उन्हात ठेवलं की ती मिटतात.

इंजिनवर भरायचं तर मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर हवाच. ३० अँपिअरचा चार्जर तासाला साडेतीनशेच्या वर वॅट-अवर भरतो. दोन तास गाडी चालली की ७०० हाती येतात. लिथियम बॅटरी सरळ अल्टरनेटरला जोडली तर ती एवढा करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. बीएस-६ गाड्यांत अल्टरनेटरचा व्होल्टेज गाडीचा कॉम्प्युटर कमी-जास्त करतो, त्यामुळे जुन्या पद्धतीनं जोडलेली बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही.

आता वरच्याच कुटुंबाला पावसाळ्यात एका जागी ठेवून बघू. खर्च रोज १८००, सोलरची आवक ८४०. रोजची तूट ९६०. एलएफपीच्या दोन बॅटऱ्यांत वापरण्याजोगे सुमारे २१७५. पहिल्या दिवसाअखेर १२१५ उरतात, दुसऱ्या दिवसाअखेर २५५. तिसऱ्या दिवशी गाडी हलवावीच लागेल किंवा फ्रीज बंद करावा लागेल. हे आधी कळलं तर तो बेत होतो, मुक्कामावर कळलं तर फजिती.

‘मोठी घेतलेली बरी’ हे नेहमी खरं नाही

घरातले वडीलधारे म्हणतात, चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण मोठी घ्या. दाण्याच्या कोठीला हे लागू पडतं. शिसं-ॲसिडच्या बॅटरीला नाही. ती रोज काठोकाठ भरली नाही तर तिच्या प्लेटांवर सल्फेटचा थर चढतो आणि ती आतून मरत जाते. सोलर लहान आणि बॅटरी मोठी असली की नेमकं हेच होतं. एलएफपीला अर्धवट भरलेलं चालतं, पण तिथं प्रश्न पैशाचा. दहा वर्षं टिकणारी वस्तू वर्षातून आठ रात्री वापरायची असेल तर ती चैन आहे.

माझं माप असं : नेहमीच्या एका दिवसाचा खर्च, त्यावर २० ते २५ टक्के जास्त. बस्स. त्याहून मोठी गरज पडली तर गाडी दोन तास चालवणं हे आणखी एका बॅटरीपेक्षा स्वस्त पडतं.

आपल्याकडची खरी कॅरॅव्हॅन : दिंडीचा ट्रक

परदेशी व्हिडिओ पाहून आपण कॅरॅव्हॅनचा विचार करतो, पण लाईट नसलेल्या जागी मुक्काम करण्याचा अनुभव मराठवाड्याला नवा नाही. आषाढीला पंढरपूरकडे निघणाऱ्या प्रत्येक दिंडीमागं सामानाचा ट्रक किंवा पिकअप असते. तिचा हिशेब कुणी मांडत नाही, म्हणून मांडतो.

शंभर वारकरी, शंभर मोबाइल. प्रत्येकी १५ वॅट-अवर धरले तर १५००. दहा वॅटचे चार दिवे सहा तास, २४०. भजनाला ६० वॅटचा स्पीकर चार तास, २४०. बेरीज १९८०, नुकसान धरून सुमारे २३००. दीडशेच्या दोन ट्यूब्युलरमधून १८०० मिळतात, म्हणजे कमी पडणार. तीन लागतील, किंवा एलएफपी असेल तर सुमारे २७०० वॅट-अवरची.

पण इथं अडचण साठ्याची नाही, भरण्याची आहे. दिंडी दिवसभर चालते, ट्रक मात्र पुढचा मुक्काम तासाभरात गाठतो. इंजिनवर बॅटरी भरायला वेळच मिळत नाही. आषाढात ढगही असतात. मग जनरेटर लावला जातो. उपाय साधा आहे. ट्रक दिवसभर मोकळ्या मैदानात उभाच असतो, तर टपावर मोठी पॅनलं टाका आणि फोन रात्री नव्हे, दुपारी ऊन असताना आळीपाळीनं चार्ज करा. उन्हातली वीज सरळ फोनमध्ये गेली की बॅटरीवरचा भार निम्म्याहून कमी होतो. एक गोष्ट लक्षात ठेवा, मोठ्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते. बारा व्होल्टचं सामान तिला सरळ जोडू नका.

आणि ऊसतोडीची कोपी

हौसेनं लाईटविना राहणाऱ्यांचा हिशेब झाला. नाइलाजानं राहणाऱ्यांचाही व्हायला हवा. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास निघतात आणि पुढचे चार-पाच महिने फडाजवळच्या कोपीत काढतात. मुलं बरोबर असतात. पहाटे अंधारात कोयता घेऊन निघायचं, रात्री अंधारात चूल पेटवायची. साप-विंचू त्याच अंधारात असतात, आणि बाईमाणसाला रात्री बाहेर जावं लागतं तेही त्याच अंधारात.

एका कोपीची गरज बघा. पाच वॅटचा दिवा पाच तास, २५ वॅट-अवर. दोन साधे स्मार्टफोन, ३०. पंधरा वॅटचा बारा व्होल्टचा पंखा आठ तास, १२०. एकूण १७५. ५० वॅटचं पॅनल हिवाळ्या-उन्हाळ्यातल्या पाच तासांच्या उन्हात ५० × ५ × ०.७ म्हणजे बरोबर १७५ देतं. १२.८ व्होल्ट, २० एएचची एक छोटी एलएफपी त्याला पुरते. हे सगळं एका मध्यम स्मार्टफोनच्या पैशात बसतं आणि बैलगाडीतही मावतं.

चिपाडापासून वीज तयार करून ती विकणारे साखर कारखाने राज्यात अनेक आहेत. ज्यांनी तोडलेल्या उसापासून ती वीज होते त्यांच्या कोपीत दिवा नसावा, याला तांत्रिक कारण एकही नाही. हंगामाच्या सुरुवातीला टोळीला असे संच द्यायचे आणि शेवटी परत घ्यायचे, एवढं कारखान्यांनी ठरवलं तरी पुरे. सवलतीचा विचार करताना सरकारनंही कॅरॅव्हॅनच्या आधी कोपी बघावी.

औषधपाण्याचा भार असेल तर

घरात कुणी झोपेच्या विकारासाठी सीपॅप यंत्र वापरत असेल तर गरम वाफ बंद ठेवून ४० वॅट, आठ तास, म्हणजे ३२० वॅट-अवर त्यांच्यासाठी आधी राखून ठेवा. फ्रीज, टीव्ही नंतर. पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मात्र साडेतीनशे वॅटच्या आसपास घेतो. आठ तासांना २८०० लागतात. असं यंत्र लागणाऱ्या माणसाला घेऊन प्लग नसलेल्या जागी मुक्काम करूच नये. डॉक्टरांना विचारून, प्लगची खात्री करून, वर भरलेलं सिलिंडर सोबत ठेवून निघावं.

जिवाशी खेळ नको

बारा व्होल्टचा शॉक बसत नाही, म्हणून लोक ही वायरिंग हलक्यात घेतात. पण १००० वॅटचा भार १२ व्होल्टवर टाकला की तारेतून ८० अँपिअरहून जास्त करंट जातो. घरच्या वायरीनं हे काम केलं तर ती लालबुंद होऊन पेटते. म्हणून :

• बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाजवळच योग्य मापाचा फ्यूज हवा. तार जाड आणि जितकी आखूड तितकी चांगली.
• ट्यूब्युलर बॅटरी भरताना हायड्रोजन वायू निघतो. ती झोपण्याच्या जागेत, पलंगाखाली बंद करून ठेवू नका.
• जनरेटर गाडीत, दारात किंवा खिडकीखाली चालवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेला माणूस उठत नाही. गाडी चालू ठेवून झोपणंही तितकंच धोक्याचं.
• बीएमएस नसलेली, जुन्या सेलची जुळवाजुळव केलेली स्वस्त लिथियम बॅटरी घेऊ नका.
• उन्हात तापणाऱ्या पत्र्याला लागून बॅटरी ठेवू नका. शिसं-ॲसिडच्या बॅटरीचं आयुष्य दर ८ ते १० अंश जादा तापमानाला साधारण निम्मं होतं.
• गाडी सुरू करायची बॅटरी वेगळी आणि मुक्कामाची वेगळी. नाही तर सकाळी धक्का मारायला माणसं शोधावी लागतील.
• गाडीच्या रचनेत बदल करण्याआधी आरटीओची परवानगी घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल.

इंडक्शन शेगडी, किटली, पाणी तापवायचा रॉड या तीन वस्तू यादीतून आधीच काढून टाका. उष्णता तयार करणारी कोणतीही वस्तू बॅटरी पिऊन टाकते. स्वयंपाक गॅसवर करा, तोही हवेशीर जागी.

दुकानात विचारायचे पाच प्रश्न

१. हिचा साठा किती वॅट-अवर, आणि त्यातला रोज वापरता येणारा किती?
२. माझ्या सोलरवर ही किती तासांत पूर्ण भरेल?
३. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तर तासाला किती वॅट खातो? १२ वॅट खाणारा इन्व्हर्टर २४ तासांत २८८ वॅट-अवर गिळतो, एकही दिवा न लावता.
४. वॉरंटी किती वर्षांची, आणि गाडीतल्या वापराला ती लागू आहे का?
५. बिघडली तर लातूर-निलंग्यात कोण बघणार?

या पाचांची उत्तरं न देणारा दुकानदार तुम्हाला बॅटरी विकत नाही, ओझं विकतो.

बॅटरी घेण्याआधी एक रात्र घरीच घालवून बघा. मेन स्विच बंद करा, गाडीत नेणार तेवढ्याच वस्तू घरच्या इन्व्हर्टरवर चालवा आणि कोणती वस्तू किती तास चालली ते वहीत लिहा. सकाळी बेरीज करा. तो आकडा जाहिरातीतल्या कोणत्याही आकड्यापेक्षा खरा असेल, कारण तो तुमच्या घरचा आहे. तेवढीच बॅटरी घ्या, वर पाव भाग जास्त. उरलेले पैसे डिझेलला ठेवा. फिरायला निघायचं आहे, बॅटरी सांभाळायला नाही.